गोगलगाय मारायला गोगलगाय : पॅसिफिक बेटांवर काय झालं आणि आता काय चाललंय

कवचधर

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव पट्ट्यात शंखी गोगलगायीने उगवतं सोयाबीन फस्त केलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात एक सूचना फिरते, ‘गोगलगाय खाणारी गोगलगाय असते, ती बाहेरून आणून सोडली की काम झालं.’ हा प्रयोग होऊन गेलेला आहे. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर झाला, सरकारी संमतीने झाला आणि याच शंखी गोगलगायीविरुद्ध झाला. त्यात काय गमावलं ते नीट कळावं म्हणून हा धागा.

आधी तिथल्या मूळच्या गोगलगायी. हवाई बेटांवर जमिनीवरच्या गोगलगायींच्या ७५० हून जास्त जाती नोंदल्या गेल्या. त्यातल्या जवळजवळ सगळ्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. रापा नावाचं चाळीसेक चौरस किलोमीटरचं बेट आहे, त्या एवढ्याशा जागेत शंभराच्या आसपास जाती. सोसायटी बेटांवर, म्हणजे ताहिती, मोरेआ, रायातेआ, हुआहिने वगैरे, पार्टुला या गटाच्या ६१ जाती होत्या. दीड-दोन सेंटीमीटरचं निमुळतं कवच, झाडावर वस्ती, आणि कवचाचे रंग-पट्टे दरीगणिक वेगळे. म्हणूनच हेन्री क्रॅम्प्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि ब्रायन क्लार्क, जेम्स मरी यांनी १९६० च्या दशकापासून उत्क्रांती अभ्यासायला याच गोगलगायी निवडल्या.

पार्टुला अंडी घालून मोकळी होत नाही. तिला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही कवचासकट, आणि पुढचं साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. खाणं म्हणजे पानांवर धरलेली बुरशी, शेवाळ, कुजका पाला. पिकाशी तिचा काही संबंध नाही. उलट शंखी गोगलगाय एका खेपेला शंभर-दोनशे अंडी सहज घालते, कधी त्याहून बरीच जास्त. नुकसान भरून काढायची ताकद या दोघींत किती वेगळी आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. मॉरिशसहून १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या गृहस्थांनी ती कोलकात्यात आणली, भारतातला तिचा प्रवास तिथून सुरू झाला. हवाईत ती १९३६ मध्ये पोचली, ताहितीत १९६७ मध्ये. तिला आवरायला फ्लोरिडाकडची शिकारी गोगलगाय, युग्लँडिना रोझिया, १९५५ मध्ये हवाईत सोडली. ताहितीत १९७४ मध्ये, मोरेआवर १९७७ मध्ये. मोरेआवर ती वर्षाला सुमारे १.२ किलोमीटर या गतीने पसरत गेली आणि १९८७ पर्यंत त्या बेटाच्या रानातून पार्टुला संपल्यात जमा झाली. अवघ्या दहा वर्षांत. शंखी गोगलगाय मात्र त्या बेटांवर आजही आहे.

माळरान

लेख आवडला, पण एक शंका. गाजरगवतावर आपण मेक्सिकन भुंगा सोडलाच की, आणि त्याने दुसरं पीक संपवलं असं काही झालं नाही. मग जैविक नियंत्रणच वाईट असं म्हणायचं का?

कवचधर

नाही, माळरान, तसं अजिबात नाही. मेक्सिकन भुंगा सोडण्याआधी तो काय काय खातो याच्या चाचण्या झाल्या, आणि त्याची भूक जवळपास गाजरगवतापुरतीच आहे. गाजरगवत कमी झालं की भुंगाही कमी होतो. युग्लँडिनाचं गणित उलटं आहे. ती हाताला लागेल ती गोगलगाय खाते. शंखी गोगलगाय कमी झाली म्हणून ती उपाशी मरत नाही, रानातल्या दुर्मीळ गोगलगायींवर तिचं पोट भरतं. त्यामुळे दुर्मीळ जात कितीही कमी झाली तरी तिच्यावरचा शिकारीचा ताण कमी होत नाही, अगदी शेवटचा जीव संपेपर्यंत.

दुसरं, तिला लहान भक्ष्य सोयीचं पडतं. लहान गोगलगाय ती कवचासकट गिळते. पूर्ण वाढलेल्या शंखी गोगलगायीशी झटापट करण्यात वेळ जातो, म्हणून तिची पिल्लं मिळाली तर ठीक, नाहीतर ती सरळ दुसरीकडे वळते.

शिकारीची पद्धत तर पाहण्यासारखी आहे. तिच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना लांब, मिशांसारखे दोन अवयव असतात. चालताना ती ते जमिनीवर टेकवत जाते. दुसऱ्या गोगलगायीच्या चिकट वाटेला ते लागले की ती त्या वाटेवर चढते आणि माग काढत थेट भक्ष्यापर्यंत पोचते. भक्ष्याहून तिची चालही जलद. झाडावरही चढते. पार्टुलाकडे यावर काहीच उपाय नव्हता, कारण लाखो वर्षांत त्या बेटांवर असा शिकारी कधी आलाच नव्हता.

ओआहूचा_डोंगर

हवाईबद्दल थोडी भर आणि एक दुरुस्ती. सगळं खापर युग्लँडिनावर फोडणं बरोबर नाही. ओआहू बेटावरच्या अकाटिनेला या झाडावरच्या गोगलगायींच्या ४१ जाती मानल्या जातात. त्या सगळ्या १९८१ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेल्या, पण त्यातल्या बऱ्याच जाती त्याच्या आधीच दिसेनाशा झाल्या होत्या. जंगलतोड, गुरं-डुकरांनी उजाड केलेली जमीन, एकोणिसाव्या शतकातल्या शौकिनांनी गोळा केलेली हजारो कवचं आणि उंदीर ही कारणं जुनी आहेत. १९७० च्या दशकात मोकाट सुटलेला जॅक्सनचा सरडाही गोगलगायी खातो. शिवाय ज्याला सगळे युग्लँडिना रोझिया म्हणतात, त्यात हवाईत प्रत्यक्षात निदान दोन जाती मिसळलेल्या आहेत असं जनुकीय तपासणीत दिसलंय. सोडताना नेमकं काय सोडतोय हेही धड माहीत नव्हतं!

अकाटिनेलाची वाढ इतकी सावकाश की वयात यायलाच काही वर्षं जातात, आणि पिल्लं वर्षाकाठी मोजकी. उंदराने एका रात्रीत झाडावरच्या मोठ्या गोगलगायी खाल्ल्या, तर त्या झाडावरची वस्ती पुन्हा उभी राहायला दशक लागतं, तेही मधे दुसरं संकट आलं नाही तर.

आता कुंपणांबद्दल लिहितो, कारण रानात प्रत्यक्ष टिकलेला उपाय तोच आहे. ओआहूच्या वायानाए आणि कूलाऊ डोंगरांत जंगलाचे छोटे तुकडे भिंतीने बंद केलेत. सुरुवातीच्या कुंपणांत मिठाची पन्हळ आणि विजेची तार असायची. डोंगरातल्या पावसात मीठ विरघळायचं, पन्हळीत पाला साचायचा, की शिकारी आत. आताची रचना अशी :

गुळगुळीत पत्र्यांची भिंत, खालची कड जमिनीत गाडलेली, म्हणजे खालून वाट नाही. बाहेरच्या अंगाला एकावर एक तीन अडथळे. पहिला म्हणजे भिंतीला अगदी लहान कोनात खाली वळवलेली पट्टी, त्या अरुंद फटीत गोगलगायीला अंग वळवून पलीकडे जाता येत नाही. दुसरा, तांब्याच्या जाळीची कापलेली धार, मोकळी टोकं बाहेर आलेली, त्यावर पाय टेकायला सपाट जागाच नसते. तिसरा, सौर पॅनेलवर चालणाऱ्या विजेच्या तारा. सगळ्यात वर गोलसर झाकण, उंदीर आणि सरड्यासाठी.

भिंत उभी झाली की लगेच आत गोगलगायी सोडत नाहीत. आधी आतल्या युग्लँडिना शोधून काढाव्या लागतात. झुडपं छाटून, पालापाचोळा हाताने उलटून, पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून. ओळीने फेऱ्या रिकाम्या गेल्या तरच जागा मोकळी मानतात. तिची अंडी मातीत असतात, म्हणून मोठ्या सापडल्या नाहीत एवढ्यावर विसंबून चालत नाही. अंडी फुटायला वेळ देऊन पुन्हा पाहावं लागतं.

आणि कुंपण निकामी होण्याचं नेहमीचं कारण अगदी साधं, भिंतीवर पडलेली फांदी. बाहेरचं झाड आत टेकलं की तिन्ही अडथळे फुकट. म्हणून दोन्ही बाजूंना झाडोरा छाटलेला ठेवतात आणि वाऱ्यापावसाचं मोठं वादळ झालं की सगळ्यात आधी भिंत पाहायला जातात. भिंत बांधायचा पैसा एकदा लागतो, देखभालीचा कायम. मोरेआवरही १९९० च्या दशकात असं राखीव कुंपण केलं होतं, ते टिकलं नाही.

चतुरंग

पट्टी, जाळी आणि वीज हे तिन्ही एकत्र कशासाठी? एक नीट असेल तर पुरे ना?

ओआहूचा_डोंगर

प्रत्येकाची बिघडायची तऱ्हा वेगळी आहे म्हणून. ढगाळ आठवड्यात वीज कमी पडते. जाळीत शेवाळ आणि पाला अडकून सपाट वाट तयार होते. पट्टीच्या कोनात कोळ्याचं जाळं नि माती साचते. तिन्ही एकाच दिवशी बिघडण्याची शक्यता कमी, आणि मधल्या काळात माणूस तिथे पोचतो.

कृमिशास्त्र

युग्लँडिनाहून वाईट प्रकरण अजून कुणी काढलं नाही, ते म्हणजे न्यू गिनीचा चपटा कृमी, प्लॅटिडेमस मनोक्वारी. चारपाच सेंटीमीटर लांब, काळपट तपकिरी, पाठीवर मधोमध फिकट रेघ. तोंड पोटाच्या बाजूला असतं, त्यातून पांढरी नळी बाहेर काढून तो गोगलगायीचं मांस विरघळवून शोषतो. तोही चिकट वाटेचा माग काढतो आणि ओल्या रात्री झाडावर चढतो.

हा बहुतेक ठिकाणी कुंड्यांच्या मातीतून पोचला, पण फिलिपिन्सच्या बुगसुक बेटावर १९८१ मध्ये तो मुद्दाम सोडला. शंखी गोगलगाय त्याने खरोखर कमी केली, आणि धोका इथेच आहे. आकडे चांगले आले म्हणून हा उपाय दुसऱ्या बेटांवर जायला वेळ लागला नाही. पुढे ग्वाम आणि मारियाना बेटांवर मूळच्या पार्टुला आक्रसत गेल्या. जपानच्या ओगासावारा बेटांपैकी चिचिजिमावर तर जमिनीवरच्या मूळच्या गोगलगायी जवळपास नाहीशा झाल्या. शेजारच्या हाहाजिमावर तो अजून नाही, म्हणून तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाचे बूट साफ करून घेतात.

एक सूचना. हा कृमी ठेचू किंवा कापू नये, तुकड्यातून पुन्हा वाढतो. गरम पाणी त्याला सोसत नाही, ५० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटांत मरतो. रोपांच्या कुंड्यांसाठी हाच उपाय अभ्यासला गेलाय. मात्र अमुक रोपाची मुळं ते पाणी सहन करतील का, हे आधी एका कुंडीवर पाहावं लागतं.

अळूवडी

हवाईत पालेभाजीतल्या गोगलगायीमुळे मेंदूचा आजार होतो असं वाचलं. तो याच कृमीमुळे का? भाचा हिलोला असतो, त्याला काय सांगू?

कृमिशास्त्र

नाही ताई, तो कृमी वेगळा, उंदराच्या फुफ्फुसाजवळचा, अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस. मोठे कृमी उंदराच्या फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत राहतात. अळ्या खोकल्यातून घशात, तिथून पोटात आणि मग लेंडीतून बाहेर. ती लेंडी गोगलगाय खाते, तिच्यात अळी तिसऱ्या अवस्थेला पोचते, उंदीर गोगलगाय खातो आणि चक्र पुरं होतं. माणसाच्या पोटात गेलेली अळी उंदरात जाते तशीच मेंदूकडे जाते, पण पुढे तिला वाट नसते. ती तिथेच मरते आणि मेंदूच्या आवरणाला सूज येते. डोकेदुखी, मान आखडणं, अंगावर मुंग्या किंवा कपड्याचा स्पर्शही न सोसणं, ही लक्षणं साधारण एक ते तीन आठवड्यांत दिसतात. माणसातल्या आजाराशी याचा संबंध १९६० च्या सुरुवातीला होनोलुलूतच उलगडला.

हिलोकडे यात मुख्य वाटा पार्मारिऑन या अर्ध्या कवचाच्या गोगलगायीचा. पाठीवर छोटं, नखाएवढं कवच असतं. ती घरांजवळ येते, भाजीवर चढते आणि तिच्यात अळ्यांचं प्रमाण फार असतं. भाच्याला हे सांगा : पालेभाजीचं एकेक पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवायचं. पिल्लं तांदळाच्या दाण्याहून लहान असतात, जुडी नुसती पाण्यात बुडवून ती निघत नाहीत. व्हिनेगर किंवा मिठाच्या पाण्यात भाजी ठेवली की अळ्या मरतात असं धरून चालू नका. शंका असेल ती भाजी शिजवूनच खायची, ३ ते ५ मिनिटं उकळली तरी पुरतं. पाणी साठवायच्या टाकीला झाकण हवं. गोगलगाय उघड्या हाताने उचलायची नाही, चिमटा वापरायचा, आणि एक भाग मीठ सात भाग पाणी अशा बरणीत टाकून झाकण घट्ट लावायचं. लक्षणं दिसली तर डॉक्टरांना गोगलगायीचा, कच्च्या भाजीचा उल्लेख आपणहून करायचा, कारण नाहीतर निदान दुसरीकडे जातं.

हा कृमी फक्त तिकडचा नाही. मुंबईच्या उंदीर-घुशींमध्ये तो १९८० च्या सुरुवातीलाच सापडला होता.

शिंपलेवाला

पार्टुला सगळ्या गेल्या असं वाटू नये म्हणून पुढचं लिहितो. १९८० च्या दशकात, मोरेआ रिकामं होत असताना, संशोधकांनी काही जिवंत गोगलगायी बाहेर काढल्या आणि १९९१ नंतर आणखी आणल्या. लंडन, एडिंबरा, डेट्रॉइट, सेंट लुई अशा प्राणिसंग्रहालयांत त्या वाढवल्या.

वाढवायची रीत अशी. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत ओला टिश्यू कागद, हवा दमट आणि तापमान विशीच्या थोडं वर. खाणं म्हणजे ओट, सुक्या गवताची भुकटी, माशांचं खाद्य आणि समुद्रफेस बारीक वाटून केलेली ओलसर लापशी, डब्याच्या बाजूला फासलेली. समुद्रफेस चुन्यासाठी, तो कमी पडला की पिल्लांची कवचं पातळ होतात. लापशी जास्त वेळ राहिली तर आंबते, म्हणून डबे ठरावीक दिवसांनी पूर्ण रिकामे करून धुवायचे. त्या वेळी टिश्यूची प्रत्येक घडी उलगडून पाहायची. नवं पिल्लू दोनेक मिलिमीटरचं आणि पारदर्शक असतं, कागदासोबत कचऱ्यात जायला वेळ लागत नाही.

यात जातीच्या जाती गेल्याही. पार्टुला टर्जिडाची शेवटची गोगलगाय जानेवारी १९९६ मध्ये लंडनला मेली. तिच्या वस्तीत एकपेशीय परजीवीची लागण झाली होती. पार्टुला फाबा ही रायातेआवरची जात, जिचं कवच कुकच्या पहिल्या सफरीत १७६९ मध्ये युरोपियनांच्या हाती लागलं होतं, २०१६ मध्ये एडिंबरात संपली. म्हणून आता एक जात एकाच ठिकाणी ठेवत नाहीत. वेगवेगळ्या देशांत वाटून ठेवतात, म्हणजे एका खोलीतला रोग अख्खी जात नेत नाही.

२०१५ च्या सुमारास परत सोडायला सुरुवात झाली. प्रत्येकीच्या कवचावर अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या लाल रंगाचा ठिपका देतात, कारण पार्टुला रात्री हिंडतात आणि तेव्हा दिव्याने शोधणं सोपं जातं. २०२३ मध्ये एका वर्षात ५,००० हून जास्त सोडल्या, तोवरची एकूण संख्या २१,००० च्या वर गेली. ठिपक्याचा आणखी एक उपयोग आहे : ठिपका नसलेली मोठी गोगलगाय दिसली तर ती रानातच जन्मलेली. २०२४ मध्ये मोरेआवर पार्टुला टोहिवेआनाच्या अशा गोगलगायी सापडल्या आणि ‘रानातून नामशेष’ या शेऱ्यातून ती जात बाहेर आली. ताहितीत हे काम वर्षानुवर्षं सांभाळणारे ट्रेव्हर कूट २०२१ मध्ये गेले, त्यांना हे पाहता आलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

माळरान

पण युग्लँडिना तिथे अजून असेल ना? मग सोडलेल्या कशा टिकतात?

कवचधर

आहे, पण पूर्वीइतकी दाट नाही. भक्ष्य संपल्यावर तिची संख्याही घसरली. शिवाय सगळ्या रानात ती सारखी हिंडू शकत नाही. ताहितीत पार्टुला हायलिना ही पांढऱ्या कवचाची जात आपोआप तगून राहिली. तिचं कोडं मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये सोडवलं. त्यांनी २ × ५ × २ मिलिमीटरचा, सौरऊर्जेवर चार्ज होणारा संगणक युग्लँडिनाच्या कवचावर चिकटवला. बॅटरी किती वेगाने भरते त्यावरून तिला किती ऊन लागतं ते कळलं. हायलिना संरक्षित असल्याने तिला काही चिकटवलं नाही, ती दिवसा ज्या पानाखाली झोपते तिथे यंत्र ठेवलं. हायलिनाच्या जागी शिकारीच्या जागेपेक्षा सुमारे दहापट ऊन निघालं. पांढरं कवच ऊन परतवतं, गडद कवचाची युग्लँडिना त्या उन्हात भाजेल. म्हणजे रानाच्या कडेची उघडी, उन्हाची जागा हे हायलिनाचं कुंपण आहे. गंमत अशी की बाकीच्या जातींना दाट सावलीच लागते, त्यांना ही युक्ती चालत नाही.

काळीमाती

सगळं पटलं. पण आमच्या सोयाबीनचं काय? शिकारी नको, तर मग काय करायचं ते सांगा.

कवचधर

काळीमाती, उपाय कष्टाचा आहे पण चालतो. पहिल्या चांगल्या पावसानंतर गोगलगायी बांधातून, दगडाखालून बाहेर येतात, तो पहिला आठवडा महत्त्वाचा. तेव्हा वेचलेली एक गोगलगाय म्हणजे पुढची शेकडो अंडी वाचली.

गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून संध्याकाळी सात-आठ मीटरवर अंथरा, सकाळी ऊन चढायच्या आत खाली जमलेल्या गोळा करा. हातमोजे घालून, किंवा चिमट्याने. मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका आणि मेल्यावर खड्ड्यात पुरा. मीठ शेतात फेकू नका, जमीन बिघडते. बांधाच्या कडेने चुन्याच्या भुकटीचा चारेक इंच रुंद पट्टा घाला, तो पावसाने धुतला की पुन्हा घालावा लागतो. बांधातली, झाडाच्या बुंध्याजवळची भुसभुशीत माती दोनतीन इंच उकरली की पांढरट पिवळी अंडी झुबक्याने सापडतात, तीही त्याच बादलीत.

मेटाल्डिहाइड २.५ टक्के दाणेदार एकरी २ किलोच्या आसपास सांगितलं जातं. ते सबंध शेतात न फेकता बांधाकडेने आणि जिथे वावर दिसतो तिथे, उघडीप असताना संध्याकाळी टाका. जोराचा पाऊस आला तर दाणे वाया जातात. कुत्रं, कोंबडी, जनावरं दूर ठेवा, कुत्र्याला तर ते चटकन विषबाधा करतं. आणि हे सगळं शेजाऱ्याबरोबर एकाच आठवड्यात करा, नाहीतर त्याच्या बांधावरून पुन्हा येतात.

चतुरंग

पुढच्या वर्षी कामानिमित्त होनोलुलू आणि तिथून ताहितीला जायचं आहे. डोंगरवाटांवर फिरायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?

ओआहूचा_डोंगर

बूट निघण्याआधी घरीच धुवा. तळव्याच्या खाचांतली माती ब्रशने काढा, लेसची भोकं आणि जिभेखालची जागा विसरू नका, मग पूर्ण वाळू द्या. तंबूचे खुंटे आणि काठीचं टोकही तसंच. एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा तेच करा, ओआहूवरची माती ताहितीच्या दरीत नको. रोप, कुंडी, माती लागलेली मुळं यातलं काहीच नेऊ-आणू नका. रानात झाडावरची गोगलगाय दिसली तर हात न लावता फोटो काढा आणि ठिकाण तिथल्या वन्यजीव खात्याला कळवा, पण समाजमाध्यमावर नेमकी जागा टाकू नका. कवच जमिनीवर रिकामं पडलेलं असलं तरी उचलू नका. आत मांस आहे की नाही, कड कुरतडलेली आहे की अख्खं आहे, यावरून उंदराने खाल्लं की युग्लँडिनाने हे तिथली माणसं ठरवतात.

चतुरंग

कुरतडलेलं म्हणजे उंदीर, आणि अख्खं रिकामं म्हणजे युग्लँडिना, असंच ना?

ओआहूचा_डोंगर

ढोबळमानाने हो. उंदीर कवच फोडतो, दातांच्या खुणा राहतात. युग्लँडिना मोठ्या गोगलगायीचं मांस तोंडातून ओढून खाते, कवच शाबूत राहतं. पण चपटा कृमीही अख्खं कवच मागे ठेवतो, आणि वयाने मेलेलीचंही तसंच दिसतं. त्यामुळे एका कवचावरून निष्कर्ष काढत नाहीत. एकाच झाडाखाली थोड्या दिवसांत वेगवेगळ्या वयाची ताजी, चमकदार, रिकामी कवचं मिळायला लागली, की त्या रात्रीपासूनच शोध सुरू करतात.